शंका आली की पेन वर

आमच्या लातूरच्या घरात वरच्या मजल्यावर होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई राहायच्या आणि खालच्या मजल्यावर मी. वर ओळीनं खोल्या काढलेल्या. प्रत्येक खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि भिंतीवर माणसाच्या हाडांचा तक्ता. कुठून कुठून आलेल्या मुली तिथं राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायच्या आणि आई त्यांची मेस चालवायची. वडील दिवसभर आडत बाजारात, त्यामुळे घरात राज्य आईचं. दरवर्षी वरच्या मजल्यावरची एखादी तरी मुलगी मेडिकलला लागायची. मग तिचे आईवडील पेढे घेऊन यायचे, पोरीला आईच्या पाया पडायला लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्याच हातचं जेवून झाली बघा डॉक्टर." आई खुलायची. पेढ्यांचा पुडा आत आणून ठेवताना मात्र माझ्याकडं बघायची नाही. मी दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा आपटले होते. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती भेटली होती, ती आता आमच्या जिन्याखाली मुक्कामालाच आली.

मी ढ होते असं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला तेच वाटतं. मला सगळं पाठ होतं. अडचण वेगळी होती. त्या परीक्षेत उत्तर चुकलं की पदरात पडलेल्या मार्कांतला एक कापतात; कोरं सोडलं तर काही कापत नाहीत. म्हणून आमच्या क्लासचे सर पहिल्या दिवसापासून एकच मंत्र द्यायचे, "शंका आली की?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पेन वर!" बाकीच्यांना शंका अधूनमधून यायची. मला प्रत्येक प्रश्नाला यायची. उत्तर माहीत असायचं, गोल रंगवायला पेन टेकवलेलं असायचं, आणि तेवढ्यात मनात यायचं, नसेल तर? पेन वर. दुसऱ्या खेपेला मी इतके प्रश्न सोडले की चुका जवळपास झाल्याच नाहीत. निकाल बघून सर म्हणाले, "जेवढं लिहिलं तेवढं बरोबर आहे." ते कौतुक होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

लातूरकडच्या आयांची एक रीत आहे. पोरगी आत पेपर देत असते तेव्हा आई गेटासमोरच्या झाडाखाली चादर टाकून बसते. घरी जात नाही, कुणाकडं चहाला जात नाही. ऊन सरकेल तशी चादर सरकवते आणि बसते. दोन्ही वेळा माझी आई अशी बसली होती. आत जाताना तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली होती, आणि बाहेर आल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं होतं. दुसऱ्या वेळी तर मी काही बोलायच्या आधीच तिनं चादरीची घडी घालायला घेतली.

तिसऱ्यांदा क्लासच्या बॅचला बसवायचं घाटत होतं, तेव्हा मी नांदेडला जाऊन बी.ए.ला नाव घालून आले. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं माहीत नाही. बहुतेक धाडस नव्हतंच, पळ होता. आईनं ऐकलं तेव्हा ती कणीक मळत होती.

"बी.ए.? माय! बी.ए. करून काय करनार हायस? हितंच पोळ्या लाटनार?"

तिनं परात बाजूला सारली आणि फर्मान काढलं. "एक वरीस. वरीस सरताना चांगले मार्क पडले तर म्होरचं बघू. न्हाई पडले तर गुमान यायचं आन् बॅचला बसायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला डॉक्टर व्हायचंच नाही, असं मात्र म्हटलं नाही. तेव्हा मला त्याचीही खात्री नव्हती.

नांदेडला इतिहासाबरोबर एक ऐच्छिक विषय घ्यायचा होता. फळ्यावर विषयांची नावं लावलेली, आणि अगदी खाली, जणू चुकून आल्यासारखं, 'प्राचीन ग्रीक व रोमन भाषा आणि संस्कृती'. विषय नवाच सुरू झाला होता. आजूबाजूची मुलं ते वाचून हसत होती. मी तो घेतला, त्याचं कारण मोठं काही नाही. या विषयात लातूरचं कुणी ओळखीचं भेटणार नाही आणि 'तुझ्या मैत्रिणीला किती पडले' असं कुणी विचारणार नाही, एवढंच मनात होतं.

शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या उदगीरकडच्या. कुठं कुठं शिकून शेवटी इकडं परत आलेल्या, सुती साडी, खणखणीत आवाज. पहिल्या तासाला एकानं विचारलं, "मॅडम, याचा आपल्याशी काय संबंध?" मॅडम म्हणाल्या, "तेर बघितलंय का? लातूरहून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या व्यापाऱ्यांचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता. गिऱ्हाईक काय भाषा बोलत होतं, हे व्यापाऱ्याच्या पोरांनी विचारू नये?" मग त्यांनी आम्हाला विचारलं, यातले कोणते शब्द तुम्ही आधी ऐकलेत, आणि फळ्यावर भराभर लिहीत गेल्या. मी बघतच राहिले. सगळे शब्द माझ्या ओळखीचे होते. दोन वर्षं जीवशास्त्राच्या पुस्तकातून मी तेच तर घोकत होते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे धागा आणि दाणा. अ‍ॅम्फिबिया म्हणजे दोन्हीकडं जगणारे. पटेला, गुडघ्याची वाटी, म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. आमच्या घरात दिवसाकाठी ढीगभर ताटल्या घासल्या जायच्या, वरच्या प्रत्येक खोलीत पटेलाचं चित्र लावलेलं, आणि त्या दोघींची गाठ कुणी घालून दिली नव्हती. त्या तासाला मला रडू आलं. आनंदानं की रागानं, सांगता येत नाही. बहुतेक रागानंच.

मग मी अभ्यासाला लागले, आणि लागले ते लातूरच्या पद्धतीनं. ग्रीक अक्षरं शिकायला इतरांना महिना पुरला नाही, मी ती आठवड्यात गिरवून टाकली. नामांची रूपं, क्रियापदांची रूपं, सगळे तक्ते हॉस्टेलच्या भिंतीला चिकटवले. आंघोळीला जाताना म्हणायचं, मेसच्या रांगेत म्हणायचं. वर्गात कुठलंही रूप विचारा, मी घड्याळाच्या गजरासारखी वाजायचे. माझ्या शेजारी लोहा गावचा एक मुलगा बसायचा. त्याला धड अक्षरं जुळवता येत नव्हती. तो माझ्याकडं बघून हात जोडायचा. "बाई, तुमी तर लईच डेंजर हाव. आमाला आपलं पास व्हायपुरतं प्रसाद द्या." मला मनातून बरं वाटायचं. वाटायचं, हे जमलं. आईला दाखवायला मार्क मिळणार.

पहिली चाचणी झाली. तक्ते भरायचे होते आणि शेवटी एक न शिकवलेला छोटासा उतारा मराठीत करायचा होता. तक्ते मी झटक्यात भरले. मग उतारा घेतला आणि माझा हात थांबला. पहिल्या ओळीत एक शब्द असा की त्याचा अर्थ मला साधारण कळत होता, पण नक्की नव्हता. सोडला. त्यामुळे पुढचं वाक्य अर्धवट लागलं. तेही सोडलं. तिसऱ्या वाक्याचे दोन अर्थ होत होते. कोणता बरोबर, शंका. पेन वर. मी शहाण्यासारखी, शिस्तीत, ओळीमागून ओळ कोरी सोडत चालले होते.

लोह्याच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. त्याचे तक्ते अर्धे चुकलेले, पण उताऱ्यात त्यानं राजा, बैल, लढाई, लग्न, जे सुचेल ते लिहून पानं भरली होती. आणि गंमत म्हणजे त्यातला बैल खरोखरच उताऱ्यात होता. "लिहून टाकायचं बिनधास्त," तो मला समजावायला लागला. "ग्रीक मानूस येऊन थोडाच तपासनार हाय?" मला त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर मार्क माझ्याहून जास्त!

मॅडमनी मला बोलावून घेतलं. पेपर समोर ठेवला. "तक्ते एकही चूक नाही. उतारा का कोरा?"

"नक्की नव्हतं, मॅडम."

"मग?"

"चुकलं तर कापतात ना."

"कोण कापतं?"

इथं कुणी कापत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कापतात असंही कुणी सांगितलं नव्हतं. ते मी लातूरहून घेऊनच आले होते. मॅडमच्या लक्षात आलं असावं. त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

"आमच्या घरी आजी कानडीच बोलायची," त्या म्हणाल्या. "आम्ही पोरं मराठी शाळेत, बाजारात उर्दू. आजीचं निम्मं बोलणं कळायचं नाही. म्हणून आजीशी बोलायचं थांबलो का आम्ही? ती काहीतरी मागायची, आम्ही अंदाजानं तांब्या न्यायचो. ती म्हणायची, हे नव्हे रे. मग विळी न्यायचो. असं करत करत कळायला लागलं. ज्या माणसांना जाऊन शेकडो वर्षं झाली, त्यांचं बोलणं तुला पहिल्या झटक्यात नक्की कसं कळेल? तांब्या घेऊन जावंच लागतं."

बोलणं पटलं. पण पटलं म्हणून भीती जात नाही. मॅडमनी उपाय काढला, तो रोगापेक्षा जालीम निघाला. रोज तासाच्या सुरुवातीला मी उभं राहायचं, न पाहिलेलं एक वाक्य वाचायचं आणि न थांबता मोठ्यानं मराठीत सांगायचं. चुकलं तरी शेवटपर्यंत जायचं, आणि मी संपवेपर्यंत कुणी टोकायचं नाही. तास दुपारी असायचा. मी उभी राहायचे, तोंडाला कुलूप लागायचं. वर्ग वाट बघायचा. पंख्याचा आवाज ऐकू यायचा. कधी पहिला शब्द बोलून थांबायचे, कधी 'बसू का मॅडम' म्हणायचे. "बस, उद्या पुन्हा," मॅडम म्हणायच्या. त्यांच्या त्या 'उद्या पुन्हा'ची मला इतकी धास्ती बसली की रविवारीसुद्धा दुपारी त्या वेळेला मी दचकून घड्याळ बघायचे.

आणि रोज संध्याकाळी आईचा फोन. जेवलीस का, ताप नाही ना, आणि मग, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचे, चाललाय. "मार्क?" मी म्हणायचे, अजून यायचेत. चाचणीचे येऊन गेले होते. आईला ते कळत होतं, असं मला वाटतं. मागे कुकरची शिट्टी व्हायची, आणि ती "बरं, ठेव" म्हणायची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वरच्या मुली नव्या होत्या. जेवताना त्या आपसात प्रश्न विचारत होत्या आणि मी वाढत होते. गल्लीतल्या एक काकू चकली द्यायला आल्या. "काय शिकायलीस गं पोरी नांदेडात?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "युनानी." काकूंनी मान डोलावली. "हां, म्हंजे युनानी डॉक्टर. बरं हाय की, ती बी दवाईच हाय." आईनं ते दुरुस्त केलं नाही. काकू गेल्यावर मी म्हटलं, "आई, तू खोटं सांगितलंस."

"काय खोटं? युनानी म्हंजे ग्रीकच ना? तूच बोललीस." तिनं चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "आन् खोटं असंल तर असू दे. एक वरीस तर सांगायचंय."

ती जे म्हणाली त्यात राग नव्हता. तिच्या लेखी हे वर्ष म्हणजे बसस्टँडवर गाडी येईपर्यंतचा वेळ होता.

दुसऱ्या सत्रात माझं तोंड थोडं थोडं उघडायला लागलं. एखादं वाक्य शेवटपर्यंत जायचं, दोन जागी चुकायचं. पण परवा जमलं म्हणून आज जमेलच असं नव्हतं. मे महिन्यात वर्षाची शेवटची परीक्षा आली. लेखी बरी गेली म्हणायची. उरली तोंडी. बाहेरून परीक्षक येणार होते, समोर न पाहिलेला उतारा ठेवणार होते, आणि तो वाचून लगेच मराठीत सांगायचा होता. मार्क चांगले हवेत तर सगळी भिस्त तिच्यावर. त्या आठवड्यात मला जेवण जाईना. आईला फोनवर आवाजावरूनच कळलं असणार, कारण तोंडीच्या दिवशी सकाळी मी विभागाच्या पायऱ्या चढत होते आणि आई फाटकातून आत येताना दिसली. हातात डब्याची पिशवी, खांद्यावर चादर.

"आई! तू कशाला आलीस?"

"पेपर हाय ना तुझा?" ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं एवढं कारण पुरेसं होतं. तिनं पदराच्या गाठीतून विभूती काढून माझ्या कपाळाला लावली, आजूबाजूला नजर टाकली आणि परीक्षेच्या खोलीच्या खिडकीबाहेर जो कडुलिंब होता, त्याच्याखाली चादर टाकून बसली.

लाईट गेलेली, म्हणून खिडक्या सताड उघड्या. परीक्षक वयस्कर, पांढरे केस, हातात घाम पुसायला पंचा. मॅडम बाजूच्या खुर्चीवर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. परीक्षकांनी स्वतः रचलेला सोप्या ग्रीकमधला उतारा माझ्यापुढं सरकवला. मी वाचायला लागले. एक वाटसरू डोंगर उतरून एका म्हातारीच्या घरी येतो. तिला नदीकडची वाट विचारतो. म्हातारी वाट सांगते, आणि तो निघताना त्याला देते...

काय देते? तो शब्द मला येत नव्हता. कुठंतरी ओझरता पाहिला होता, पण कुठं ते आठवेना. मी थांबले. मनात लातूरच्या क्लासमधल्या सरांचा आवाज, सगळ्या वर्गाचा आवाज, पेन वर! पंखा बंद, त्यामुळे या वेळी तर काहीच ऐकू येत नव्हतं. परीक्षक वाट बघत होते. मॅडम टेबलाकडं बघत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण मला कळलं की आता मी बसू का असं विचारणार.

"बोल की गं!" बाहेरून आवाज आला. "कामून थांबलीस?"

परीक्षकांनी वळून खिडकीकडं बघितलं. "कोण आहे?"

"माझी आई, सर."

"त्यांना ग्रीक येतं?"

"नाही, सर."

ते परत माझ्याकडं वळले. "हं. मग काय देते म्हातारी?"

"पाणी," मी म्हणाले. नुसतं तोंडाला आलं म्हणून.

"चूक. पुढं चला."

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. पेनचं टोपण लावलेलंच होतं. काही कापलं गेलं नव्हतं. मी पुढचं वाक्य घेतलं. "वाटसरू नदीपाशी येतो. नदी खोल आहे. तो त्या पाण्यावर... त्या पाण्यावर टेकत टेकत..." तोच शब्द पुन्हा आला होता, आणि माझं मलाच ऐकू आलं. परीक्षकांनी पंचा तोंडाला लावला. "पाण्यावर टेकून?"

"नाही, सर. काठी. म्हातारीनं काठी दिली असणार. पाणी नाही, काठी."

"असणार की आहे?"

"माहीत नाही, सर. पण काठीशिवाय नदी ओलांडता येणार नाही त्याला."

त्यांनी हातानं 'पुढं' अशी खूण केली. मी पुढं गेले, अजून एकदा चुकले, दोनदा अडखळले, आणि शेवटच्या वाक्याला पोचले. बाहेर आल्यावर आठवलं की बॅक्टेरिया हा शब्द त्या काठीवरूनच आलाय. सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे दिसले म्हणून. दोन वर्षं मी त्यांचे प्रकार घोकले होते, आणि काठी समोर आली तर ओळखता आली नाही. माझ्या अभ्यासाची ही तऱ्हा.

आईनं डबा उघडून ठेवला होता. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी.

"कसा गेला?"

"चुकलं, आई. दोन ठिकाणी. एका ठिकाणी तर पाणी म्हटलं, तिथं काठी होती."

"आन् मंग?"

"मग पुढं गेले. पुढं गेल्यावर कळलं."

"आन् मार्क कापले न्हाईत?"

"इथं कापत नाहीत."

"असली कसली परीक्षा," आई म्हणाली, आणि माझ्या हातावर धपाटं ठेवलं. मी खूप दिवसांनी पोटभर जेवत होते. ती माझ्याकडं बघत बसली होती. मग तिनं सहज बोलावं तसं सांगितलं, "बॅचला नाव टाकलंय तुझं. वरची कोपऱ्याची खोली रिकामी ठिवलीय, खाली लई गोंधळ असतो. तू बी वरच ऱ्हा आता, पोरींच्या संगं. अभ्यास होईल."

घास तोंडातच राहिला. निकालाला अजून अवकाश होता. कबूल झालेलं वर्ष तिनं तिच्या बाजूनं मिटवूनही टाकलं होतं, कसलाही दुष्टावा न करता, माझी सोय बघून. मला ती खोली दिसली. भिंतीवरचा तक्ता दिसला. नेहमीसारखं 'बरं' म्हणायचं आणि नंतर बघू, एवढं सोपं होतं. आणि काय बोलायचं ते तरी मला कुठं नक्की माहीत होतं? या विषयाचं पुढं काय होतं, मला ठाऊक नव्हतं. पोट भरेल का, ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी माझं तोंड पुन्हा बंद पडणार नाही, हेही सांगता येत नव्हतं.

"आई, मला डॉक्टर व्हायचं नाही."

ती डब्याचं झाकण लावत होती, थांबली.

"हे जमेल का, मला माहीत नाही. मार्क पडतील का, तेही माहीत नाही. पण मला हेच शिकायचंय. मी वर नाही राहणार."

"हे कवापासून?"

"पहिल्यापासून. बहुतेक."

"पयल्यापासून?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मंग मी दोन येळा उन्हात बसले, ते?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं, चादरीवरची पानं झटकली. मग फोन काढला आणि क्लासच्या सरांना लावला. मी ऐकत होते. "हां सर. आमची पोरगी येत न्हाई बॅचला. न्हाई, तब्येत ठीक हाय. मार्काचं न्हाई हो. तिला व्हायचं न्हाई डॉक्टर." पलीकडून सर बरंच काही बोलत असावेत. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तिला व्हायचंच न्हाई, तर मी काय करू सर?" आणि फोन ठेवला.

बसस्टँडपर्यंत आम्ही रिक्षानं आलो. मला वाटत होतं तिनं रागवावं, चार शब्द ऐकवावेत, म्हणजे मला सुटल्यासारखं होईल. लातूरची गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी. तिनं खिडकीची काच सरकवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"निकाल लागला की कळव."

"कळवते."

"खोली दुसऱ्या पोरीला देऊन टाकते. ते काय तू मनाला लावून घिऊ नको."

"बरं."

गाडी सुरू झाली. तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला, आणि इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाली, "पर मला डॉक्टर पायजे हुती घरात. लई पायजे हुती. तू तुझं बोललीस, हे माझं हाय. ते बी ऐकून ठेव."

"ऐकलं, आई," मी म्हणाले. गाडी निघाली, आणि ती वळणापर्यंत माझ्याकडंच बघत होती.